साथरोगतज्ज्ञाचे काम सायटेशनच्या तक्त्यात मावत नाही

मा. संपादक,
स. न.

संसर्गजन्य रोगांवर संशोधन करणाऱ्या एका साथरोगतज्ज्ञाची ओळख करून देणारा लेख रविवारच्या पुरवणीत वाचला. अशा कामाला अर्धे पान मिळाले, याचा आनंद वाटला. पण त्या अर्ध्या पानात शोधनिबंध किती, सायटेशन (इतर निबंधांनी दिलेले हवाले) किती, एच-इंडेक्स किती आणि जागतिक यादीत क्रमांक कितवा एवढेच होते. त्यांनी नेमके शोधले काय, हे शेवटपर्यंत कळले नाही.

मी एका वैद्यकीय संस्थेच्या ग्रंथालयात २६ वर्षे काम केले. बढतीच्या अर्जांना जोडायचे सायटेशनचे तक्ते माझ्याच टेबलावर तयार होत. एच-इंडेक्स हे माप भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवले. निबंध सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि मोजत खाली यायचे. विसाव्या निबंधाचा किमान २० जणांनी हवाला दिला असेल, पण एकविसाव्याचा आकडा २१ पर्यंत पोचत नसेल, तर इंडेक्स २०. पहिल्या निबंधाला २५ सायटेशन असोत की २५ हजार, उत्तर बदलत नाही. शिवाय गूगल स्कॉलर प्रबंध, अहवाल, प्रीप्रिंट (तज्ज्ञांच्या तपासणीआधीच खुले केलेले निबंध) असे सगळे धरतो, म्हणून एकाच व्यक्तीचा आकडा तिथे जास्त भरतो आणि निवडक पत्रिकांच्या स्कोपस या सूचीत कमी. आपल्या लेखातला आकडा कुठला, हे दिलेले नव्हते. शेकडो लेखकांच्या निबंधात प्रत्येकाच्या खात्यावर पूर्ण सायटेशन जमा होते, तेही वाचकाला सांगायला हवे होते.

साथरोगशास्त्रात तर आणखी एक गोष्ट घडते. साथ आली की सायटेशनला पूर येतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रिकेचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे तिच्यातल्या अलीकडच्या निबंधांना मिळालेल्या सायटेशनची सरासरी, २०२० साठी ७९ होता, २०२१ साठी तो २०२ वर गेला, आणि त्याचे कारण कोविड. त्याच पत्रिकेत १९९८ साली १२ मुलांच्या निरीक्षणावरून गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लशीचा संबंध स्वमग्नतेशी सुचवणारा निबंध आला होता. तो २०१० मध्ये मागे घेण्यात आला. त्याचा उल्लेख शेकडो ठिकाणी सापडतो आणि त्यातले बहुतेक उल्लेख तो खोडून काढण्यासाठी केलेले आहेत. तक्त्यात मात्र खोडून काढणेही सायटेशन म्हणूनच मोजले जाते.

याच्या अगदी उलट उदाहरण मला फार जवळचे आहे. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांचा १९२७ सालचा निबंध. लागण होऊ शकणारे, लागण झालेले आणि त्यातून बाहेर पडलेले, अशी लोकसंख्येची विभागणी करून साथ कशी चढते आणि सगळ्यांना लागण होण्याआधीच का ओसरते, याचे गणित त्यात आहे. त्यातल्या एका आलेखावर मी कितीदा तरी थांबले आहे. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळात मुंबईत प्लेगने झालेले मृत्यू, आठवड्याला एक ठिपका. ठिपके चढत चढत नऊशेच्या आसपास जातात आणि उतरतात, आणि गणिताने काढलेली रेषा त्यांच्या अगदी जवळून जाते. मॅकेंड्रिक हे भारतात नोकरी केलेले डॉक्टर. कर्मॅक यांची दृष्टी प्रयोगशाळेतल्या अपघातात १९२४ मध्येच गेली होती. मॅकेंड्रिक १९४३ साली वारले. २०२० मध्ये देशोदेशीचे अंदाज ज्या प्रारूपांवर बांधले गेले, त्यांतल्या कितीतरी प्रारूपांचे मूळ या निबंधात आहे. मॅकेंड्रिक हयात असताना कोणी त्यांचा तक्ता केला असता, तर यातले काय दिसले असते?

सायटेशन निरुपयोगी आहे, असे मी म्हणत नाही. कोणाच्या कामावर पुढे कोण उभे राहिले, हे त्यावरूनच मी वाचकांना शोधून देत असे. माझी तक्रार आहे ती फक्त आकड्यावर थांबण्याबद्दल. पत्रिकेचा इम्पॅक्ट फॅक्टर माणसाचे मोल ठरवायला वापरू नका, असे सॅन फ्रान्सिस्कोच्या जाहीरनाम्यातून २०१३ मध्ये संशोधकांनी आणि पत्रिकांच्या संपादकांनीच सांगितले.

एक प्रसंग अजून डोळ्यांपुढे आहे. कावीळ पसरलेल्या वस्तीत तीन आठवडे फिरलेली एक तरुण डॉक्टर अर्ज घेऊन माझ्याकडे आली होती. तिने हाताने केलेली लाइन लिस्ट, म्हणजे रुग्णांची यादी, मी पाहिली आहे. नाव, वय, लक्षणे सुरू झाल्याची तारीख आणि शेवटचा रकाना, पाणी कुठले. रुग्णांच्या घरांच्या खुणा तिने नकाशावर केल्या होत्या आणि त्या एकाच जलवाहिनीच्या बाजूने उमटल्या होत्या. तिथे सांडपाणी शिरत होते. वाहिनी दुरुस्त झाली, पुढच्या काही आठवड्यांत नवे रुग्ण थांबले. अहवाल ११ पानांचा, कुठल्याही पत्रिकेत न छापलेला. अर्जात त्यासाठी रकाना नव्हता. मी तो ‘इतर’मध्ये लिहिला आणि समोर, नियमाप्रमाणे, शून्य.

लेखातल्या तज्ज्ञांना आपण पुन्हा भेटावे, ही विनंती. कोणता प्रश्न सोडवायला सर्वाधिक वेळ लागला, त्याचे उत्तर कोणत्या लसीकरणात, कोणत्या इस्पितळात किंवा कोणत्या सरकारी निर्णयात उतरले आणि कोणता अंदाज चुकला, एवढे तीन प्रश्न विचारावेत. उत्तरे छापायला अर्धे पान पुरेल.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल