चेक परत पाठवते आहे

भांडुप

ती. आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, आमच्या तन्वीच्या फीसाठी तुम्ही दिलेला चेक या पाकिटात परत पाठवते आहे. रागावू नका, आधी पूर्ण वाचा. फोनवरच सांगणार होते, पण तुम्ही 'बघूया मगे' म्हणून फोन आईकडे देता आणि आई 'जेवलीस काय' वर येते. म्हणून लिहायला बसले.

तन्वीने इंजिनीअरिंगची एक्सटीसीची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमची सीट घेतली. कॅपच्या, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशाच्या दुसऱ्या फेरीत मिळाली, तिने फ्रीझ, म्हणजे पक्की केली आणि आम्ही कॉलेजात कागद देऊन आलो. तुम्हाला आधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तुम्ही त्या अभिमत विद्यापीठाची कॉम्प्युटरची फी भरून मोकळे झाला असतात. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक योजना मोडायचा अर्ज तुम्ही आणून ठेवलाय हे आईने मला सांगितलंय. (आईवर ओरडू नका.) मुदतीआधी मोडली तर दोन वर्षं होऊन गेली तरी मुद्दलातला एक टक्का कापून घेतात. तो अर्ज बंबात घाला.

तुम्ही म्हणता, मुलगी हुशार आहे, स्कॉलरशिप कुठेही मिळेल. तसं नाही हो बाबा. संदीपचं आणि माझं मिळून उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे आणि तन्वी ओबीसीत आहे, म्हणून तिला शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. 2024-25 पासून मुलींना शंभर टक्के झालं, त्याआधी निम्मंच होतं. समोरच्या बिल्डिंगमधल्या मुलाला अजूनही निम्मंच आहे आणि त्याचे आईवडील आमच्यापेक्षा ओढाताणीत आहेत. मला ते बघवत नाही, पण नियम तसा आहे. ही माफी व्यावसायिक अभ्यासक्रमाला आहे, पण प्रवेश कॅपमधूनच व्हायला हवा. खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून सरळ वगळली आहेत. इतकंच काय, त्याच कॉलेजात, त्याच वर्गात, मॅनेजमेंट कोट्यातून आलेल्या मुलीला एक पैसा माफ नाही. मार्क तेच, घरचं उत्पन्न तेच, फक्त अर्ज वेगळ्या खिडकीवर दिला म्हणून. मी जीआर दोनदा वाचला, संदीपलाही वाचायला लावला.

म्हणजे कॉम्प्युटर हवंच म्हटलं असतं तर वर्षाला साडेचार लाख, चार वर्षं. व्हीजेटीआय कॉलेज तिच्या पर्सेंटाइलच्या बाहेर होतं. कर्जाचंही पाहिलं. केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत मिळते, पण ती शिक्षण चालू असेपर्यंत आणि वर एक वर्ष, तीही यादीतल्या संस्थांनाच. मुद्दल कुठे जातं? बाविसाव्या वर्षी पोरीच्या डोक्यावर हप्ता नको. दादाच्या कर्जापायी खालच्या बागेतली कलमं गेली. त्यावर घरात कोणी बोलत नाही, मीही बोलणार नाही. पण परत नको.

अगदी फुकट आहे असंही समजू नका. डेव्हलपमेंट फी, पुस्तकं, पास हे आमचं आम्ही भरणार आहोत आणि ते जमतंय. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, जातवैधता, सगळं एका फाइलीत लावलंय. फीमाफीसाठी सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर दरवर्षी अर्ज नव्याने करायचा असतो, म्हणून तन्वीच्या मोबाइलवर आणि माझ्याही, आठवण लावून ठेवलीय. मध्येच अभ्यासक्रम बदलायचा नाही, हे तिला बजावलंय. बजावल्यावर तिने माझ्याकडे जे पाहिलं ते अगदी तुमचं पाहणं होतं.

तिच्या जाण्यायेण्याची काळजी करू नका. सकाळी भांडुपहून ठाण्यापर्यंत उलटी दिशा, गाडीत बसायला मिळतं. पुढे ट्रान्स-हार्बरला गर्दी असते, पण लेडीज डबा आहे. जेवणाचा डबा नेते. आई, तू दिलेली कुळथाची पिठी ती आता स्वतः करते. गुठळ्या होतात, पण खातो आम्ही.

बाबा, ते पैसे तुमच्या गुडघ्यांचे आहेत. पावसाळा संपला की ऑपरेशन करायचं असं डॉक्टरांनी सांगितलंय आणि तुम्ही मान डोलावलीत, मी तिथेच उभी होते. पावसात साकवावरून मला खांद्यावर घेऊन जायचात आणि मी तुमचे दोन्ही कान घट्ट धरून बसायचे, आठवतं? 'कान तुटतील गो' म्हणायचात, पण सोडायला कधी सांगितलं नाहीत. त्या गुडघ्यांवर माझाही थोडा हक्क आहे. तुम्ही देऊ केलंत यातच मला सगळं मिळालं. तन्वीला चेक दाखवला. ती काही बोलली नाही, आत जाऊन बराच वेळ नळ चालू ठेवून बसली.

आता ऐका. यंदा गणपतीवरची माटवी बांधायला स्टुलावर चढायचं नाही, आम्ही आल्यावर संदीप बांधेल. सत्तरी ओलांडलेल्यांना मोफत उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, दोघांचीही आधार कार्डं घेऊन जा आणि काढून घ्या. आई, बीपीची गोळी 'आज बरं वाटतंय' म्हणून सोडायची नाही. डोळ्यांचे थेंब संपत आले असतील तर बाटलीचा फोटो शेजारच्या मुलाकडून पाठव. आणि दोघांनीही रात्री मागच्या पडवीत जायचं असेल तर आधी दिवा लावायचा, अंधारात चाचपडत नाही.

एवढं सगळं लिहूनही तुम्ही चवथीला तन्वीच्या हातात पाकीट ठेवणारच, मला माहीत आहे. पाचशेच्या वर ठेवलंत तर तिथेच परत करायला सांगेन.

तुमची,
बेबी

ता. क. कोकणकन्येचं तिकीट अजून वेटिंगवर आहे. कन्फर्म झालं नाही तर एसटीने येऊ, पण येऊ. स्टेशनवर उभं राहू नका, आम्ही रिक्षा करू.