कॅमेऱ्यावरचा देश आणि खरी हमी

लग्नसराईच्या तोंडावर कॅमेरा घेताना सोलापुरातही हमखास विचारलं जातं, 'जपानचा आहे की थायलंडचा?' थायलंडचा म्हणजे कमअस्सल, हा समज काढून टाकायला हवा. सूत परगावचं असलं तरी इथे विणलेली चादर सोलापुरीच ठरते. कॅमेऱ्यावरचा देशही तसाच, साधारणपणे शेवटची महत्त्वाची जुळणी जिथे झाली तिथला. आतला सेन्सर, लेन्सच्या काचा, सर्किट वेगवेगळ्या देशांतून आलेले असू शकतात. निकॉन या जपानी कंपनीचा थायलंडमधल्या अयुथयातला कारखाना तर कित्येक वर्षं कॅमेरे बनवतोय. २०११च्या पुरात तो बुडाला, तेव्हा जगभर निकॉनचा पुरवठा अडला होता.

देशापेक्षा खोक्यावरचं आयातदाराचं लेबल बारकाईने वाचा. त्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असणं कायद्याने बंधनकारक आहे. हे लेबल नसेल तर माल बहुधा आडमार्गाने आलेला असतो, आणि मग भारतातलं सेवाकेंद्र वॉरंटी नाकारू शकतं. सगळा पैसा तिथेच बुडतो! बॉडीच्या तळाशी किंवा उघडणाऱ्या स्क्रीनमागे अनुक्रमांक असतो. तो खोका, वॉरंटी कार्ड आणि जीएसटी बिल या तिन्हींवरच्या क्रमांकाशी दुकानातच ताडून पाहा. बिलावर नुसतं 'कॅमेरा' लिहून देत असतील तर पैसे देण्याआधी क्रमांक लिहूनच घ्या.

– एक वाचक, सोलापूर