डांबराचं टेम्परेचर बघता, तसे कामगारांचे पायही बघा

मा. संपादक,

मार्चएंड आला की जिकडेतिकडे डांबरीकरणाची घाई सुरू होते, मग रस्ता किती दिवस टिकेल यावर सगळे बोलतात पण तो रस्ता करणाऱ्या माणसांवर कुणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या इथे नुकतंच कार्पेटचं, म्हणजे रस्त्यावर डांबर-खडीचा वरचा थर टाकायचं, काम झालं. डंपरमधून माल पडतो तो 140-150 डिग्रीचा. साहेब स्वतः थर्मामीटर खुपसून बघत होते कारण माल गार झाला तर रोलरने दबाई नीट होत नाही, ते बरोबरच आहे. पण त्याच मालात फावडं मारणाऱ्या बाईच्या पायात साधी चप्पल आणि वरून सुतळीने बांधलेलं बारदान! झारीने डांबर मारणाऱ्या पोराच्या हातात ग्लोव्हज नाहीत, तोंडाला नुसता रुमाल. हा धूर साधा नाहीये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2013 च्या अहवालात रस्त्याच्या डांबरकामातला धूर कॅन्सरला कारण ठरू शकतो असं म्हटलंय.

गरम डांबर अंगावर उडालं की चिकटून बसतं आणि आत भाजतच राहतं. घाबरून लोक ते ओढून काढतात, सोबत कातडीही सोलून निघते, नाहीतर रॉकेल चोळतात. असं अजिबात करू नये, लगेच गार पाणी ओतत राहायचं, चांगली 20 मिनिटं, आणि डांबर तसंच ठेवून दवाखाना गाठायचा. हे मुकादमाला तरी माहीत पाहिजे ना? रोलरच्या चाकाला माल चिकटू नये म्हणून टाकीभर पाणी असतं, माणसासाठी मात्र एक स्वच्छ पाण्याचा ड्रम नसतो.

डंपर रिव्हर्स येताना मागे शिट्टी मारायला माणूस नाही, ट्रॉली वर उचलताना वरच्या विजेच्या तारा कुणी बघत नाही, यात जीव जातात हो.

बांधकाम कामगारांच्या नावाने कामाच्या खर्चावर 1 टक्का उपकर घेतला जातो, पण बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि आज या ठेकेदाराकडे उद्या त्या, अशा फिरत्या टोळीला तो देणार कोण? माझी बांधकाम खात्याला आणि नगरपालिकेला एकच मागणी आहे, कामाची तपासणी करताना मालाच्या टेम्परेचरसोबत बूट, ग्लोव्हज, पाण्याचा ड्रम हेही साइटवर बघून रजिस्टरला लिहा आणि नसेल तर त्या दिवशीचं काम थांबवा, बिल अडकलं की ठेकेदार दुसऱ्या दिवशी बूट आणतो.

– एक वाचक, कराड