त्याच दगडाकडे पुन्हा

ऑस्टिन, टेक्सस

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

एकदा तपासलेले जीवाश्म पुन्हा कशाला तपासता, असे आईने रविवारी फोनवर विचारले. तेव्हा मी हसण्यावारी नेले. उत्तर लिहूनच द्यावे असे वाटले.

आमच्याच विद्यापीठातले प्राध्यापक टिमथी रो यांनी २००० साली ॲरिझोनात, नव्हाहो या मूळ अमेरिकन लोकांच्या भूमीवरून, एका मादीचा सांगाडा असलेला दगड आणला. प्राणी होता कायेंटाथेरियम: सुमारे साडेअठरा कोटी वर्षांपूर्वीचा, लहानशा कुत्र्याएवढा, पालाखाऊ, सस्तन नव्हे, पण सस्तनांचा जवळचा भाऊबंद. नऊ वर्षांनी तो दगड हाताळताना सेबॅस्टियन एगबर्ट्स या विद्यार्थ्याला दाताच्या इनॅमलचा कणाएवढा तुकडा दिसला. तो माशाच्या टोकदार दातासारखा नव्हता, दाढेसारखा होता, आणि इतका लहान दात मादीचा असणे तर शक्यच नव्हते. सुरुवातीच्या सीटी स्कॅनमध्ये मोजकीच हाडे दिसली. तंत्र सुधारत गेले तसतशी दगड न फोडता एकेक कवटी, एकेक जबडा उलगडत गेला, आणि संशोधक ईव्हा हॉफमन व रो यांनी २०१८ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात मोजदाद जाहीर केली: एका मादीजवळ किमान ३८ पिल्ले! आपल्या मनीला पाच झाली तेव्हा आईने कपाळाला हात लावला होता, ते मला आठवले.

आजच्या कोणत्याही सस्तन प्राण्याच्या सरासरी वेतापेक्षा हा आकडा दुपटीहून मोठा आहे. पण मला त्याहून मोलाचा वाटतो तो कवट्यांचा आकार. सस्तनांच्या पिल्लांचे डोके मेंदूमुळे फुगीर आणि तोंड आखूड असते. इथे मात्र सेंटिमीटरभर लांबीची प्रत्येक कवटी म्हणजे आईच्याच कवटीची दहाव्या हिश्शाची प्रतिकृती आहे. मोठा मेंदू पोसायला फार ऊर्जा लागते. म्हणून पिल्ले कमी होणे आणि मेंदू वाढणे हे सस्तनांच्या वंशात जोडीने घडले असावे, असे हॉफमन आणि रो यांचे म्हणणे आहे, आणि ते मला पटते. एवढा पुरावा अठरा वर्षे एकाच दगडात, हाताच्या आवाक्यात होता.

सोबत पिल्लाच्या कवटीचे रेखाचित्र खऱ्या मापात काढून पाठवतो आहे. बाबांना ते पाहायला चष्मा लागेल.

तुमचा,
सुहास