समन्स मिळाल्यावर मुक्तास

सातारा,
रविवार, सकाळ

चि. मुक्ता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

रात्री तू फोन ठेवून दिल्यावर तुझ्या आईने मला चार शब्द ऐकवले आणि ती झोपायला गेली. फोनवर माझा आवाज चढतो, ही कोर्टातल्या नोकरीची खोड आहे. कागदावर तो चढत नाही, म्हणून लिहीत आहे. वकिलाचा विषय या पत्रात काढायचा नाही, असे ठरवूनच लिहायला बसलो आहे.

ज्या जोडप्याच्या दाव्यात तुला समन्स आले, त्यांची नावे मला ठाऊक नाहीत आणि तू ती सांगू नयेस. समन्सची प्रतही पाठवू नकोस, तिच्यावर पक्षकारांची नावे असतात. दोघे तुझ्याकडे समुपदेशनाला बरोबर येत होते, आता वेगळे झाले आहेत, आणि नवऱ्याच्या बाजूने तुझ्या नोंदवह्या मागवल्या आहेत, एवढे मला पुरेसे आहे.

नोंदी देणार नाही, हे तुझे म्हणणे मला कळलेच नाही, असे समजू नकोस. इथले बोलणे बाहेर जाणार नाही, या भरवशावर माणूस तुझ्यासमोर बसतो. तो भरवसा मोडला तर उद्या दार उघडून आत येणारा तिसराही तोंड उघडणार नाही. त्यातून वही एक आणि बोलणारी माणसे दोन. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या 25 व्या कलमाचा आधार घेऊन नवरा स्वतःच्या नोंदी मागू शकेल, पण त्याच पानावर बायकोने सांगितलेले काही असेल, तर ते पान कोणाचे? ती एखाद्या दिवशी एकटी आली असेल आणि काही बोलून गेली असेल, तर ते त्याच्या वकिलाच्या हाती कसे पडू द्यायचे? मी जन्मभर कागद सांभाळले, पण असा दोन मालकांचा कागद माझ्या टेबलावर कधी आला नाही.

तरीही, कायदा तुला वाटतो तितका तुझ्या बाजूने उभा नाही. वकील आणि अशील यांच्यातील बोलण्याला 1872 च्या पुरावा कायद्यात 126 व्या कलमाचे संरक्षण होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते 132 व्या कलमात आले. मानसोपचार करणाऱ्याचे नाव जुन्यात नव्हते आणि नव्यातही नाही. 2017 च्या कायद्याचे 23 वे कलम गोपनीयतेचा हक्क देते खरे, पण कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा सक्षम प्राधिकरणाचा आदेश असेल, तर तेच कलम वाट मोकळी करून देते. आणि कौटुंबिक न्यायालये अधिनियम, 1984 चे 14 वे कलम तर सांगते की, वादाचा निवाडा करायला उपयोगी पडेल असा कोणताही अहवाल वा दस्तऐवज न्यायालयाला घेता येतो, मग तो पुरावा कायद्यात बसो वा न बसो.

गणपतीत तू जेवताना सांगितलेला अमेरिकेतला खटला माझ्या लक्षात आहे. इलिनॉयमधील एका पोलीस अधिकारी बाईंच्या गोळीने माणूस मेला, त्यानंतर त्यांनी एका समाजकार्यकर्तीकडे समुपदेशन घेतले, आणि न्यायाधीशांनी सांगूनही त्या समाजकार्यकर्तीने नोंदी दिल्या नाहीत. 1996 साली त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी ती गोपनीयता मान्य केली. ते सांगताना तुझ्या ताटातला भात गार झाला, तरी तुझे लक्ष नव्हते. मी मात्र त्यातले दुसरेच धरून बसलो आहे. नोंदी दिल्या नाहीत, म्हणजे त्या या बाईंच्या विरोधातच असतील असे धरायला हरकत नाही, असे खालच्या कोर्टात ज्युरीला सांगितले गेले आणि त्यांच्यावर पाच लाख डॉलरच्या वर भरपाई बसली. न्याय मिळाला, पण वरच्या पायरीवर. तिथपर्यंत चढायला वकील लागतो. तू केलास का?

निघालाच आहे विषय, तर लिहून टाकतो. ‘देणार नाही, काय करायचे ते करा’ हे तू मला म्हणालीस ते ठीक आहे, ते कोर्टापुढे म्हणायचे नाही. समन्स फक्त कागद हजर करण्याचे असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 16 प्रमाणे स्वतः न जाता कागद पाठवूनही भागते, तेव्हा ते साक्षीचे आहे की कागदाचे, हे आधी नीट वाच. मग तारखेआधी अर्ज दे: या नोंदी दोन व्यक्तींच्या आहेत, दुसऱ्या व्यक्तीची लेखी संमती नाही, म्हणून न्यायाधीशांनी त्या आधी बंद लिफाफ्यात स्वतः पाहाव्यात आणि दाव्याशी संबंध असेल तेवढाच भाग पुढे जाऊ द्यावा. असे अर्ज मंजूरच होतात असे नाही, पण अर्ज करणाऱ्या साक्षीदाराकडे कोर्ट वेगळ्या नजरेने पाहते. गैरहजर साक्षीदाराला आदेश 16 प्रमाणे दंड होतो, त्याची मला भीती नाही; वॉरंट आणि जप्तीही त्याच आदेशात लिहिलेली आहे, तिची आहे. आणि वहीतली एक ओळही आता खोडू नकोस, शाई बदलू नकोस, पान नव्याने उतरवून काढू नकोस. समन्स आल्यानंतर कागदाला हात लावणे हा गुन्हा ठरतो.

हे व्याख्यान झाले, माफ कर. एम.फिल. करून, तुमच्या व्यवसायाची नोंद ठेवणाऱ्या पुनर्वास परिषदेत नोंदणी करून बसलेल्या मुलीला निवृत्त कारकुनाने शिकवावे असे यात बरेच नाही. पण पिंजऱ्यात काय होते ते तुमच्या अभ्यासक्रमात शिकवत असतील असे मला वाटत नाही, आणि ते मी रोज पाहिले आहे.

पहिला प्रश्न असेल, ‘आपण एम.बी.बी.एस. नाही, हे खरे आहे का?’ तू रागावशील. रागावू नकोस. तू जे बोलशील ते तसेच उतरवले जात नाही. न्यायाधीश ते आपल्या वाक्यात लघुलेखकाला सांगतात आणि प्रश्न गळून उत्तर तेवढे उरते: ‘हे खरे आहे की, मी डॉक्टर नाही. हे म्हणणे खरे नाही की, मी पत्नीच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहे.’ तू अडखळलीस, विचार केलास, ‘एका अर्थी हो’ म्हणालीस, यातले काही कागदावर उरत नाही. म्हणून सही करण्यापूर्वी जबाब शब्द न् शब्द वाच, साहेबांना घाई असली तरी वाच.

मे महिन्याच्या सुट्टीत मी तुला एकदा कोर्टात नेले होते, ते तुला आठवते का? वाटणीच्या दाव्यात एक म्हातारी साक्ष देताना हमसून रडली, शिपायाने तिला पाणी दिले, आणि तू माझ्याशेजारी स्टुलावर बसून टंकलेला कागद वाचत होतीस. मोठ्याने विचारलेस, ‘बाबा, ती रडली ते कुठे लिहिले आहे?’ साहेबांनी चष्म्यावरून पाहिले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले आणि दुपारपर्यंत ती गोष्ट मी चार जणांना सांगूनही झाली. तू पुढे हा व्यवसाय घेतलास तेव्हा कुसुमआत्या म्हणाली, लोकांची रडगाणी ऐकून पोट भरते का? त्या दिवशी मी तिला उत्तर दिले नाही, कारण मला ते सांगता आले नसते.

एक मात्र वडील म्हणून सांगत नाही, ज्याने असे दावे पाहिले तो म्हणून सांगतो. मूल कोणाकडे असावे, असे तुला विचारतील. तू त्या दोघांवर उपचार केलेस, ताब्याच्या प्रश्नासाठी कोणाची तपासणी केली नाहीस, तेव्हा ‘यावर मी मत देऊ शकत नाही’ एवढेच म्हण आणि तेच पुन्हा म्हण. तुझ्या वहीतला ‘नैराश्य’ हा एक शब्द बाहेर काढून त्यावर घटस्फोटाची इमारत उभी करू पाहणारे वकील असतात. नुसत्या आजाराच्या नावावर घटस्फोट मिळत नाही, आजाराची तीव्रता पाहावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने रामनारायण गुप्ता खटल्यात 1988 सालीच म्हटले आहे. पण निकाल येईपर्यंत तो शब्द त्या बाईंच्या नावाला चिकटलेला असतो, आणि लिहिलेला असतो तुझ्या हाताने. तू नोंदी थोडक्यात ठेवतेस असे मागे म्हणाली होतीस. ते ऐकून मला फार बरे वाटले होते.

सुहासराव काही विचारत नाहीत, हे चांगले आहे. पण हे सगळे डोक्यात घेऊन तू रात्री कोणाशी बोलतेस? तुमच्याकडे वरिष्ठांशी नाव न सांगता चर्चा करण्याची रीत आहे ना. ती या दिवसांत चुकवू नकोस. वरिष्ठ धीर देतील, पण अर्जावर सही त्यांची चालणार नाही. कौटुंबिक न्यायालयात पक्षकारांनासुद्धा वकील हक्काने मिळत नाही, परवानगी घ्यावी लागते, हे मला ठाऊक आहे. तरी अर्ज लिहून देणारे, तारखेला मागे उभे राहणारे कोणी हवे. फीची चिंता करू नकोस. वरच्या खोलीसाठी ठेवलेले पैसे तसेच आहेत, खोली थांबेल.

आई अण्णांच्या वेळचे आठवून गप्प आहे, त्याला राग समजू नकोस. तिने मेतकूट करून ठेवले आहे.

मी तारखेला येऊ नये असे तू म्हणालीस. ही प्रकरणे बंद दाराआड चालतात, त्यामुळे मला आत सोडणार नाहीत, हे तुझ्याआधी मला माहीत आहे. बाहेरच्या बाकावर बसायला मात्र कोणाची परवानगी लागत नाही, आणि सातारा-पुणे गाड्या पहाटेपासून असतात.

तुझे
बाबा