व्याख्यानाहून परतल्यावर मुक्तास

ठाणे, रविवार

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

मागच्या रविवारी तू ताट तसेच ठेवून उलव्याला निघून गेलीस. त्यानंतर आपणहून फोन करायचा नाही असे मी ठरवले होते आणि ते पाळलेही. पत्र लिहायचे नाही असे मात्र काही ठरवले नव्हते. स्लॅबच्या काँक्रीटची ताकद पाहायला त्याच मालाचे जे क्यूब, म्हणजे ठोकळे, ओतून फोडतात, त्यांच्या त्या रजिस्टरविषयी यात एक अक्षरही असणार नाही. काल एका व्याख्यानाला जाऊन आलो, त्याविषयी लिहितो.

जाण्याची मुळीच इच्छा नव्हती. ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभागृहात ‘व्यक्तिगत नेतृत्व आणि चारित्र्य’ असा विषय होता आणि ज्यांना आता घरातले नातवंडही जुमानत नाही अशा माणसांना नेतृत्व कशासाठी शिकवायचे, हे मला उमगत नव्हते. पण तुझ्या आईने पुढच्या रांगेत रुमाल टाकून जागा धरली होती, बंडूकाकाही आले होते, त्यामुळे सुटका नव्हती.

सुरुवातीला वाटले होते तेच झाले. १९५६ साली अरियालूरच्या रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्रींनी दिलेला राजीनामा. त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणराव देशमुखांनी सोडलेले अर्थमंत्रिपद. माणसे मोठी, याबद्दल वाद नाही. पण जिला दर महिन्याला खोलीचे भाडे आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता भरायचा आहे, तिने राजीनाम्याच्या गोष्टी ऐकून काय करायचे, असे माझ्या मनात आले आणि मी घड्याळाकडे पाहू लागलो.

मग वक्त्यांनी अमेरिकेतल्या प्रिन्स्टन येथील एक प्रयोग सांगितला, तेव्हा मात्र मी सावरून बसलो. धर्मशास्त्र शिकणाऱ्या चाळीस विद्यार्थ्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटेसे भाषण करायचे होते. त्यांतल्या काहींचा विषय तर बायबलमधली, वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या परक्याची गोष्ट हाच होता. वाटेतल्या बोळात एक माणूस खोकत, मान टाकून बसवून ठेवला होता. ज्यांच्या हाताशी वेळ होता त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले. ‘उशीर झाला आहे, पळा’ असे ज्यांना सांगितले होते त्यांच्यापैकी फक्त १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता, याने फारसा फरक पडला नाही. हे निष्कर्ष १९७३ साली प्रसिद्ध झाले. वक्त्यांनी यावरून वेळेच्या नियोजनाचे महत्त्व सांगितले, ते मला पटले नाही. त्या मुलांना ‘पळा’ म्हणणारा कोणीतरी होता, आणि घाई त्याने उत्पन्न केली होती. तुझ्याकडे सात दिवसांचे क्यूब फुटण्याआधीच निकालाचा आकडा भरायला सांगणारे जे तुमचे सीनियर आहेत, त्यांच्याविषयी व्याख्यानात एक वाक्यही आले नाही.

पाहा, आलेच ते रजिस्टर. न लिहिण्याचे ठरवले होते.

मुक्ता, प्रयोगशाळेत माझी उभी नोकरी क्यूब फोडण्यात गेली. दीडशे मिलिमीटरचा तो ठोकळा यंत्राखाली ठेवला की आधी काहीच होत नाही, काटा चढत राहतो, मग आत कुठेतरी करकर ऐकू येते आणि बाजू सुटतात. चांगला क्यूब चारही बाजूंनी सारखा सुटून मध्ये डमरूसारखा भाग उरतो. एकाच बाजूने फुटला तर भार तिरका बसला किंवा क्यूबमध्येच काही खोट आहे, हे आकडा वाचण्याआधीच कळते. एका ठेकेदाराचे क्यूब नेहमीच फार सुरेख येत. एकदा मी साइटवर जाऊन उभा राहिलो, तेव्हा क्यूबसाठी घमेल्यात वेगळा, सिमेंट जास्त घातलेला माल कालवलेला दिसला. मी ते क्यूब घेतले नाहीत. तू लहानपणी ही गोष्ट हट्टाने ऐकायचीस. पण माझ्यामागे आमचे साहेब उभे होते आणि त्यांनी ठेकेदाराला माझ्यासमोर परत पाठवले, हा भाग मी तेव्हा घाईने सांगत असे. मला एकट्याला कधी उभे राहावे लागले नाही. तुझ्यामागे कोण आहे, हे मला माहीत नाही, आणि त्या रविवारी माझा आवाज चढला तो त्यामुळे.

निकालाचा आकडा भरला की टेकू काढायला वाट मोकळी होते. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, स्लॅबखालचे टेकू सात दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याखालचे चौदा दिवस ठेवावेत, असे आयएस ४५६ हे काँक्रीटच्या कामाचे भारतीय मानक सांगते. तेही माल चांगला आणि पाणी नीट मारलेले असेल तर. पूर्ण ताकदीचा हिशेब २८ दिवसांवर होतो आणि मालकाची तारीख जवळ आली म्हणून सिमेंट भराभर धरत नाही. ४ एप्रिल २०१३ ला आपल्या ठाण्याजवळची शीळ-डायघरची इमारत पडली तेव्हा तू शाळेत होतीस. ७४ माणसे गेली. ते बांधकाम मुळात बेकायदा होते, तुमचे तसे नाही, हे मला कळते. तरीही.

तेव्हा आकडा भरू नकोस. ‘चाचणी बाकी’ असे लिही, तारीख घाल आणि सीनियरना तेवढेच दोन ओळींचे ईमेल पाठव. पोअर कार्डाचा, म्हणजे काँक्रीट ओतल्याच्या नोंदीचा, फोटो स्वतःजवळ ठेव. भांडू नकोस, मोठ्याने तर बोलूच नकोस. हा पुन्हा उपदेश झाला. तू इंजिनिअर आहेस, मी डिप्लोमावाला; राग मानू नकोस.

मागच्या उन्हाळ्यात तू मला साइट दाखवायला नेले होतेस. स्लॅबवरचे गोणपाट तू वाकून हाताने चाचपलेस, एका कोपऱ्यात ते कोरडे लागले आणि तुझ्या दुप्पट वयाच्या मुकादमाला तू ‘भाऊ, इथे पाणी आलेले नाही’ एवढेच म्हणालीस. तो निमूटपणे पाइप घेऊन आला. हे मी आत्याला सांगितले, बंडूकाकांना दोनदा सांगितले, तुला सांगायचे मात्र राहिले.

नोकरी गेलीच तर हप्त्यांचे मी पाहतो. माझ्या पेन्शनीत ते बसते, आईशी बोललो आहे. यावर फोन करून वाद घालू नकोस.

शनिवारी येणार असशील तर आधी कळव, आई अळूवड्या करणार आहे. आणि त्या स्लॅबचे क्यूब कोणत्या तारखेला फुटणार आहेत, सही कोण करणार आहे, तेवढेही कळव.

तुझा,
बाबा