कारकुनाची परीक्षा कामावर घ्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

लिपिक-टंकलेखकाच्या नोकरीसाठी मराठीचा वेग मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजीचा ४० शब्द हवा, ही अट टाइपरायटरच्या काळापासून चालत आली आहे. टाइपरायटर गेले, संस्थांमध्ये संगणक आले, वेग मोजायला सॉफ्टवेअर आले; अट तीच राहिली. महसूल खात्यात चौतीस वर्षे काढून मी निवृत्त झालो. या अटीने माणसे कशी निवडली जातात आणि पुढे कामाचे काय होते, ते जवळून पाहिले आहे म्हणून हे पत्र.

तहसील कार्यालयात मी निराधार योजनेच्या शाखेत होतो तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे नवीन लिपिक मुलगी रुजू झाली. इंग्रजी ४० चे प्रमाणपत्र, बोटे अशी चालायची की बघत राहावे. लाभार्थ्यांची यादी तिने दोन दिवसांत एक्सेलमध्ये भरून दिली आणि ती बँकेत गेली. आठवड्याने कळले, की बऱ्याच जणांचे अनुदान परत आले आहे. एक्सेल आकड्यातले पहिले पंधरा अंकच जपते. खाते क्रमांक सोळा अंकी असला आणि तो रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून ठेवला नसेल, तर शेवटच्या अंकाच्या जागी गुपचूप शून्य बसते. सुरुवातीची शून्ये तर गळूनच जातात. मुलीचे टंकलेखन अचूक होते. चूक तिला दिसणे शक्यच नव्हते, कारण हे तिला कुणी शिकवले नव्हते आणि कोणत्याही परीक्षेत विचारले नव्हते. पण त्या महिन्यात सत्तरी ओलांडलेल्या बायका एसटीने तालुक्याला येऊन आमच्या दारात बसल्या होत्या. त्यांचे चेहरे मला अजून आठवतात.

ती चूक शोधली आमच्याच शाखेतल्या एका गृहस्थाने. अनुकंपा तत्त्वावर लागलेला, दोन बोटांनी टाइप करणारा. परत आलेल्या यादीवर नजर टाकून तो म्हणाला, “साहेब, सगळे नंबर शून्यावरच कसे काय संपतात?” हा माणूस टंकलेखनाच्या परीक्षेत तीनदा नापास झाला होता आणि मुदतीत पास झालो नाही तर नोकरी जाईल, या धास्तीत होता.

वेगाला किंमत नाही, असे मी म्हणत नाही. राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखन परीक्षेत उताऱ्याबरोबर पत्र, तक्ता आणि ई-मेलही असतो, हेही खरे. पण तिथेही समोरचा मजकूर जसाच्या तसा उतरवायचा असतो. माहिती तपासणे, दुबार नावे काढणे, दोन याद्या जुळवणे, कृतीदेव या जुन्या फाँटमधली फाइल आजच्या युनिकोडमध्ये आणून नीट वाचून घेणे, एका मसुद्यावरून दोनशे नोटिसा नावानिशी काढणे, हे कारकुनाचे रोजचे काम. ते कुठेच मोजले जात नाही.

जे मोजले जाते तेही मराठीपुरते नीट मोजले जाते का, अशी मला शंका आहे. कीबोर्डच्या रेमिंग्टन मांडणीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप होतो. इनस्क्रिप्ट या दुसऱ्या मांडणीत याच्या बरोबर उलट. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र ते वेगळे. तपासणारे सॉफ्टवेअर फक्त संकेतांक ताडून पाहत असेल, तर बरोबर लिहिणाऱ्याचे गुण जाणार. परीक्षा घेणाऱ्यांनी चूक कशी मोजतात, याचे नियम मराठीतून जाहीर करावेत आणि उमेदवाराला त्याचा तपासलेला उतारा दाखवावा. अर्ध्या गुणाने पोराचे वर्ष जाते.

एमएस-सीआयटी २००१ मध्ये सुरू झाले तेव्हा माउस धरायला शिकणे हीच मोठी गोष्ट होती, आणि त्या अभ्यासक्रमाने गावागावांत ते काम केले. पण वीस वर्षांपूर्वीचे प्रमाणपत्र सेवापुस्तकात चिकटवलेले आहे, म्हणून तो कर्मचारी आज ई-ऑफिस या सरकारी संगणक प्रणालीवर नस्ती, म्हणजे फाइल, नीट चालवू शकेल, असे कसे धरायचे?

माझी मागणी साधी आहे. उमेदवाराला अर्ध्या तासासाठी मुद्दाम चुका पेरलेली तीनशे नावांची खरीखुरी वाटणारी यादी द्या. दुबार नावे काढ, खाते क्रमांक तपास, गावनिहाय बेरीज कर, पात्र नसलेल्यांना पत्रे काढ, असे सांगा. शेवटी तयार झालेल्या फाइलमध्ये किती चुका सापडल्या आणि किती राहिल्या, हे सॉफ्टवेअर क्षणात मोजू शकते. सेवेतल्या लोकांचीही दर तीन वर्षांनी अशी चाचणी घ्यावी, मात्र ती वेतनवाढ रोखण्यासाठी नको. ज्याला जे येत नाही तेवढेच त्याला शिकवावे, आणि तेही कार्यालयीन वेळेत.

त्या गृहस्थाला मुदत संपायच्या आत चौथ्या वेळी ३० चे प्रमाणपत्र मिळाले. उतारा पाठ होईपर्यंत तो रोज रात्री सराव करत असे. त्याच काळात दिवसा शाखेतल्या सगळ्या याद्या तोच तपासत होता.

आपला,
एक निवृत्त अव्वल कारकून, लातूर